मामांजींच्या डोक्यावरची खोली

आमचे हे पूर्णेला रेल्वेत फिटर. हाताला रिकामपण सोसायचं नाही. निजाम गेल्यावर गावोगाव मराठी शाळा निघू लागल्या, मास्तरणी हव्या झाल्या, तेव्हा मला सातवीच्या परीक्षेला बसवायचं खूळ यांनीच घेतलं. मी एकदा नापास झालेली. पुन्हा झाले तर पुस्तकं माळ्यावर टाकायची, असं मामांजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बजावून ठेवलेलं. खाली वाचायला बसलं की कुणीतरी पाणी मागायचंच, आणि ते बहुधा मामांजीच असायचे.

"पुस्तकं कशाला, तुलाच माळ्यावर टाकतो," हे म्हणाले.

माळा गोवऱ्या-कांद्यांचा. माणसाचं वजन पेलणारा नव्हताच. यांनी भिंतीवर कोळशानं आराखडा काढला. फळ्यांखालच्या लाकडी कड्या रुंद बाजूवर आडव्या निजवलेल्या, त्या अरुंद कडेवर उभ्या बसवायच्या. मला पटेना, तर माझीच पट्टी घेतली. आडवी धरून दाबली, वाकली. कडेवर उभी धरून दाबली, हूं की चूं नाही. "लाकूड निजलं की वाकतंय, उभं केलं की पेलतंय." मला लयच कौतुक वाटलं, पण तोंडावर कशाला सांगा!

आमच्याकडे दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणतात. देवघराचा खण यांनी उघडाच सोडला, देवावर पाय नको म्हणून. मधल्या खणात बापाची बाज असते, हे मात्र विसरले.

मामांजी आराखड्यापुढं उभे राहिले. "म्हंजी सून माझ्या डोक्यावर चालणार?"

ज्यांच्यापुढं मी पदर ढळू देत नव्हते, त्यांच्या डोक्यावर पाय! मी मनातल्या मनात पुस्तकं बांधून ठेवली.

"बाज देवघरापाशी सरकवू का, दादा?" यांनी वडलांना विचारलं.

"माझी जागा मी सोडत न्हाई," म्हणून ते शेताकडं निघून गेले.

हे गालात हसले. "जागा सोडत न्हाई म्हणले. बांधू नको कुठं म्हणले?" आणि करवत घेतली.

फळ्या ठोकून झाल्या त्या दुपारी मी शिडीनं वर गेले, पण कडेलाच बसून राहिले. पाय टाकवेना. तेवढ्यात मामांजी शेतातून आले आणि सरळ बाजेवर उताणे पडले.

"चाल की पोरी. माझ्या लेकाची फळी वाजती का बघू दे."

मी चालले. डोळ्यांतलं पाणी पुसत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. फळी वाजली नाही.

"आता बस वाचत," ते म्हणाले आणि कूस बदलून झोपले. परीक्षा होईपर्यंत तहान लागली की स्वतः उठून माठातलं पाणी घ्यायचे.