ड्रायव्हरच्या डोक्याची मागची बाजू

त्या सकाळी आमच्या घरी नेहमीचाच गोंधळ होता. मी डबे भरत होते, हे एक मोजा हातात धरून दुसऱ्याच्या शोधात घरभर फिरत होते, आणि वन्सं, म्हणजे माझी नणंद, कॉम्प्युटरवर आमच्या जुन्या बादलीचा फोटो मोठा करून न्याहाळत होत्या. बादलीच्या बुडाला चढलेला गंज त्यांना बसच्या चाकावरच्या पत्र्याला लावायचा होता. तेवढ्यात दार वाजलं.

वन्सं दिवसा दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देतात. उरलेला वेळ बस चालवायच्या एका गेमसाठी स्किन बनवण्यात जातो. स्किन म्हणजे गाडीचं नाहीतर माणसाचं बाहेरचं रूप. खोका उलगडून सपाट करावा तशी अख्खी बस एका चित्रात पसरलेली असते, दोन्ही बाजू, टप, पाठ, सगळं. त्यावर रंग, ओरखडे, चिखल चढवायचा आणि गेममध्ये टाकायचा, की तो बसभोवती गुंडाळला जातो. माणसांचंही तसंच. सपाट केलेला चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दोन कान दोन टोकांना गेले होते आणि मध्ये नाक लाटल्यासारखं पसरलं होतं.

"अहो वन्सं, कुणाचं हे असं झालं?"

"दादाचं. दुसऱ्या सीटवर बसवलाय."

"आमच्या घरी कातडी कमावायचा धंदा आहे," असं हे पाहुण्यांना सांगतात. त्यावर वन्संच म्हणतात, "कमावणं कुठलं, नुसती कातडी."

पण त्यांची ती बस कुठल्या कुठल्या देशांतली माणसं चालवतात. सीटचं कापड आमच्या सोफ्याचं आहे. माझ्या हातून सांडलेल्या चहाचा डागसुद्धा त्यांनी पुसला नाही. माझा निष्काळजीपणा असा जगभर पोचला आहे.

दारात तळमजल्यावरचे, चष्म्याचं दुकान चालवणारे काका होते. हातात मोबाइल.

"तुमच्या बसचा ड्रायव्हर मी आहे, असं आमच्या सूनबाई म्हणतात."

वन्सं उभ्या राहिल्या. "शर्ट तुमचा आहे, काका. खांदेही."

"आणि हे?" त्यांनी मोबाइल पुढे केला.

त्या गेममध्ये खेळणाऱ्याला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून बघितल्यासारखं दिसतं. त्यामुळे वन्संनी सगळा जीव ओतला होता तो डोक्याच्या मागच्या बाजूवर. काका खाली झाडांना पाणी घालत असताना बाल्कनीतून त्यांचे फोटो काढले होते. स्क्रीनवर काचेतून आलेलं ऊन त्यांच्या डोक्यावर पडलं होतं आणि मधोमध गुळगुळीत, गोल टक्कल चमकत होतं.

"मला टक्कल नाहीये," काका म्हणाले.

मी डब्याचं झाकण पुन्हा एकदा घट्ट केलं. काकांचा हात हळूहळू मागे गेला, डोक्यावर फिरला आणि तिथेच थांबला.

"म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं," ते म्हणाले. "सूनबाईंनी ओळखलं तेही यावरूनच. मी दिवसभर लोकांपुढे आरसा धरतो. पण पुढून."

"केस लावून देते, काका. दहा मिनिटांचं काम आहे."

"नको. खोटे केस लावून फिरणाऱ्यांतला मी नाही." त्यांनी मोबाइल खिशात टाकला. "टकलाचं सोडा. तुम्ही मला विचारलं नाहीत. संध्याकाळपर्यंत मला त्या बसमधून उतरवा, नाहीतर मी गेमवाल्यांना कळवणार."

ते गेले. गेमवाल्यांचा नियम वन्संना पाठ होता. न विचारता कुणाचं रूप घेतल्याची तक्रार आली, की बनवणाऱ्याचं साइटवरचं पानच बंद. ही बस जाणार, आधीच्या सगळ्या जाणार, रात्ररात्र जागून चढवलेला गंज जाणार.

"मला तरी कुठे विचारलं होतंस?" हे म्हणाले.

"तू घरचा आहेस. तक्रार केलीस तर जेवण बंद."

"स्वयंपाक मी करते," मी म्हटलं.

वन्सं खुर्चीत बसल्या. "मीच मूर्ख. माणसाला समोरून काही विचारायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. दवाखान्यातही माणसं तोंड उघडून बसतात, बोलत कुणी नाही. मग मी आपली मागून फोटो काढते."

त्यांनी तेव्हाच काकांना उतरवलं. दोन बटणं दाबली आणि स्टिअरिंगवर एक पांढराफटक बाहुला येऊन बसला, ना शर्ट, ना केस. त्याच्याकडे बघवेना.

"माझं डोकं घ्या," मी म्हटलं आणि पाठ करून उभी राहिले. मान जरा ताठसुद्धा केली. वन्संनी बादलीकडे बघावं तसं बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, राग मानू नकोस. अंबाडा काचेच्या मध्ये येतो. समोरून ट्रक आला तर दिसायचा नाही."

माझ्यात बघण्यासारखं काही असलं तर तो अंबाडाच, असं मी इतकी वर्षं समजत होते. तो वाहतुकीला अडथळा निघाला.

"मी येऊ का पुढे?" ह्यांनी विचारलं. मोजा अजून एकच होता.

"तुला गाडी येते कुठे?"

"तुला तरी येते?"

वन्सं उठल्या आणि खाली गेल्या. वरून मला त्यांचा आवाज ऐकू आला, नेहमीपेक्षा जरा मोठा: "काका, उतरवलं तुम्हाला. आधी विचारायला हवं होतं. चुकले." काका काय म्हणाले ते कळलं नाही.

परत आल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. खुर्चीत बसून त्या स्क्रीनवरच्या बसमधून सावकाश मागेपर्यंत गेल्या. भाऊ होता, मी होते, त्यांचे दातांचे डॉक्टर होते, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला खिडकीशी होता. सगळी बस भरलेली आणि त्यात वन्सं कुठेच नव्हत्या. हे माझ्याही आत्ताच लक्षात आलं.

त्यांनी खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली आणि ओढणी खांद्यावरून काढून मांडीवर ठेवली.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "माझा मागून एक फोटो काढ. जे असेल ते दिसू दे."