मुळा घ्या ना, बाबा

म्युनिकला जायचं ठरलं ते सासऱ्यांना काहीतरी दाखवावं म्हणून. सासूबाई गेल्यावर ते पहिल्यांदाच आमच्याकडे इंगोलश्टाटला आले होते, आणि महिना होतो न होतो तोच परतीची तारीख अलीकडे आणायला सांगून मोकळे झाले. व्हिसा शिल्लक होता. मी म्हटलं, "बाबा, थांबा ना अजून." ते म्हणाले, "नको गं, कशाला तुम्हाला त्रास." विषय तिथेच संपला आणि नवऱ्याने तिकीट बदललं. मला वाईट वाटलं, रागही आला, पण नक्की कुणाचा ते कळेना. जेवणातही त्यांचं लक्ष नसायचं. काहीही वाढायला गेलं की "नको, पुरे."

नवरा त्याच्या प्रोजेक्टमध्ये अडकलेला, म्हणून आम्ही दोघंच निघालो. पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं होतं. इतकी वर्षं इथे काढली तरी प्रवास म्हटला की माझे हात कणकेकडे वळतातच. सकाळभर चर्च, चौक, राजवाडा असं सगळं पाहून झालं. प्रत्येक ठिकाणी बाबा "छान आहे" म्हणाले, आणि ते सगळीकडे अगदी एकाच सुरात.

दुपारी एका बिअरगार्टनमध्ये शिरलो. झाडांखाली लांबच लांब बाकं आणि ही गर्दी. ऑफिसातल्या एकीने सांगितलं होतं की तिथे खाणं घरून नेलं तरी चालतं, फक्त पेय त्यांच्याकडून घ्यायचं. माझा विश्वास बसला नव्हता. ज्या गावात मी वाढले तिथे 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' ही पाटी मेन्यूच्या आधी वाचायला मिळते. शिवाय तिने एक बारकावाही सांगितला होता. ज्या टेबलावर कापड अंथरलेलं असेल तिथे वेटर येतो, तिथे आपला डबा उघडायचा नाही. उघड्या टेबलावर उघडायचा. म्हणून मी मुद्दाम उघडं टेबल शोधलं, सफरचंदाच्या रसाचे दोन ग्लास आणले आणि डब्याला हात घातला.

तेवढ्यात एक म्हातारं जोडपं आलं. इथे कुणी बसलंय का, असं विचारून समोर बसलं. बाईंनी टोपलीतून निळ्या चौकड्यांचं कापड काढलं आणि टेबलाच्या अर्ध्या भागावर, म्हणजे आमच्या ग्लासांपर्यंत, नीट अंथरलं. मी डबा परत आत ढकलला. आता हे कापडाचं टेबल झालं की उघडं राहिलं, मला कळेना.

"आपण उठायचं का?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही."

"तू इथे राहतेस ना?"

"राहते, पण इंगोलश्टाटला."

टोपलीतून चिरायचा लाकडी पाट निघाला, पाव निघाला, चीज निघालं आणि शेवटी चांगला हातभर पांढरा मुळा. आजोबांनी चाकूने त्याची एक सलग, पातळ गुंडाळी कापली, ती ओढून सैल केली, वर मीठ टाकलं आणि हाताची घडी घालून बसले. खायला कुणीच सुरुवात करेना. मला वाटलं, प्रार्थना वगैरे असेल.

"पाणी सुटायला ठेवलाय," बाबा हळूच म्हणाले. "ही असाच ठेवायची. मग पिळून दह्यात घालायची." महिन्याभरात खाण्याबद्दल ते आपणहून बोलले ते हे पहिलंच.

थोड्या वेळाने बाईंनी पाट बाबांकडे सरकवला. त्यांची बव्हेरियन बोली मला निम्मीच कळली, पण हाताने घ्या म्हणत होत्या ते स्पष्ट होतं. बाबांनी छातीशी हात नेला आणि त्यांना येत होतं तेवढं सगळं जर्मन एका दमात वापरलं, "नाइन, डांके." बाई गोड हसल्या आणि त्यांनी पाट परत आपल्याकडे ओढून घेतला.

बाबा त्या पाटाकडे बघत राहिले. "नेला?"

"तुम्ही नको म्हणालात."

"अगं, ते आधी म्हणायचं असतं."

मला एकदम त्यांची दया आली आणि हसूही आलं. मी बाईंना समजवायला गेले. त्यांना हवंय, पण आमच्याकडे आधी नको म्हणतात. बाईंनी विचारलं, का? मी उत्तर जुळवतेय तोवर आजोबांनी त्याहून अवघड विचारलं. मग एखाद्याला खरंच नको असेल तर तुम्हाला कळतं कसं? आयुष्यभर ही रीत पाळून मी यावर क्षणभरही विचार केला नव्हता. "बहुतेक तिसऱ्यांदा विचारल्यावर," मी म्हटलं.

आजोबांनी ते गंभीरपणे घेतलं. पाट पुढे केला. बाबा म्हणाले, "नाइन, डांके." पुन्हा केला. पुन्हा "नाइन, डांके," पण डोळे हसत होते. तिसऱ्यांदा पाट आला तेव्हा मीच म्हटलं, "मुळा घ्या ना, बाबा." त्यांनी चांगला मोठा तुकडा उचलला. खाताना डोळ्यांत पाणी आलं. मुळा तिखट होता हे खरं, पण तेवढंच होतं का, मला सांगता येणार नाही.

मग त्यांनी फर्मान काढलं, "पुऱ्या काढ." कापडाचं काय, असं मी म्हणेपर्यंत डबा त्यांच्या हातात होता. बाईंनी एक पुरी खाल्ली, आवडली, पुरे म्हणाल्या. बाबांनी दुसरी वाढली. बाई माझ्याकडे वळल्या. मी पुरे म्हटलं होतं ना, असं त्यांनी मला विचारलं.

"गेनाऊ," मी म्हटलं. अगदी बरोबर. त्यांनी डोकं हलवलं आणि लोणच्याला लावून तीही संपवली.

"एकदाच विचारायचं, ही रीत काही वाईट नाही," बाबा हात पुसत म्हणाले. "वेळ वाचतो. तुलाही लागलीय."

ते चेष्टा करत होते की नाही, मला ओळखता येईना. मी ग्लास परत द्यायला उठले आणि रांगेत उभी असताना ते तिकीट आठवलं. थांबा ना, असं मीही एकदाच म्हटलं होतं.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. मी म्हटलं, "बाबा, महिनाभर थांबा अजून."

"नको गं."

"थांबा ना."

"तुम्ही दोघं कामावर. तुमची अडचण."

"अडचण नाही. मला तुम्ही हवे आहात घरात." हे मोठ्याने म्हणताना मला लाज वाटली, कारण असं कधी बोलायची वेळच आली नव्हती. ते खिडकीबाहेर बघू लागले. हेही 'नको'च धरावं की काय, असा मी विचार करत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "तो मुळा तुमच्या गावात मिळतो का?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मिळतो."