जाईबाईंचं माहेरचं नाव

भावना गवईला लोकांच्या सात पिढ्या उकरायचा पगार मिळतो, असं तिची जाऊ म्हणते. खोटं नाही ते. मेंदूची वाढ जन्मापासूनच वेगळी झालेली, बोलणं न येणारी, झटके येणारी मुलं असतात. त्यांच्या आजाराचं मूळ शोधणाऱ्या अकोल्याच्या एका केंद्रात ती नऊ वर्षं आहे. घरोघर जायचं, रक्ताचे नमुने घ्यायचे आणि वंशावळ काढायची. पुरुषाला चौकोन, बाईला गोल.

बार्शीटाकळीच्या रागिणीचा प्रीतम आठ वर्षांचा. दिवसाला चार-पाच झटके, औषधं तीनदा बदलून झालेली. त्याच्या जनुकात एक बदल सापडला होता, पण आजाराला कारण तोच की तो नुसता साधा फरक, हे डॉक्टरांना सांगता येईना. आईकडच्या नात्यात असाच दुसरा मुलगा सापडला आणि त्याच्यातही तो बदल निघाला, तर खात्री होऊन नेमकं औषध देता येणार होतं. नाहीतर हात चोळत बसायचं. सगळेच नमुने तपासणं केंद्राला परवडत नाही, म्हणून आधी नात्याचा धागा हवा. रागिणीला एवढंच ठाऊक होतं, की आजीची बहीण रुखमा तिवश्याकडे दिली होती आणि येणं-जाणं केव्हाच तुटलं. भावनाने तिवश्याच्या फायली पालथ्या घातल्या. रुखमा कुठेच नाही.

मग शेजारच्या एका लग्नात तिने नवरदेवाला ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहिताना पाहिलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नऊ वर्षं ती बायांना नाव विचारत होती आणि बाया सासरचं नाव सांगत होत्या. तिचं स्वतःचं नाव लग्नात कोणी बदललं नव्हतं, म्हणून तिला हे कधी सुचलंच नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा. भावनाला स्वतःचाच भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तिने तिवसा गाठलं. फायलीत तिथली तीन मुलं होती. पहिल्या दोन घरी काही निघालं नाही. तिसरं घर जाईबाईंचं. त्यांच्या लेकीचा मुलगा चंदन बावीस वर्षांचा, बोलत नाही, झटक्यांची औषधं चालू. जाईबाई ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या.

“आजी, माहेरचं नाव काय होतं तुमचं?”

“रुखमा,” जाईबाई म्हणाल्या. “पन्नास वर्सं झाले, कोनी इचारलं नाही. तू काहून इचारून राहिली?”

भावनाला रडू आलं, आणि तिने ते लपवलंही नाही.

दोन्ही घरांची संमती घेऊन नमुने ताडून पाहिले. बदल तोच निघाला. डॉक्टरांनी प्रीतमचं औषध बदललं, पाठोपाठ चंदनचंही. केंद्राच्या अर्जात माहेरच्या नावाची ओळ भावनाने भांडून घालून घेतली.

महिन्याभराने रागिणीचा फोन आला. “ताई, एकवीस दिवस झाले, झटका नाही. आज पोराले सासूपाशी ठेवलं अन् मी एकटीच बाजारात गेलती.”

“काय आणलं मग?”

“काहीच नाही. नुसती फिरून आली.”