थोरलीची पहिली वरात

मी आईबाबांची एकुलती एक मुलगी, तरी घरात मला धाकटी म्हणतात. थोरली खाली चौकात उभी असायची. काळी, गोल पाठीची, आजोबांच्या साहेबांनी विलायतेला परत जाताना आजोबांना विकलेली मोटार. कारकुनाने मोटार घेतली म्हणून ठाकूरद्वारची आमची वाडी म्हणे आठवडाभर हसली, आणि मग एकेक जण मुंजीला, बारशाला तीच मागायला आला. आजोबांनी कुणाला नाही म्हटलं नाही. त्यांच्यामागे ती बाबांकडे आली आणि बाबांनी कुणाला हो म्हटलं नाही.

बाबा विम्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. सहा दिवस कचेरी, रविवार थोरलीचा. सकाळी सातला तिला सुरू करायचं, दहा मिनिटं कान देऊन ऐकायचं, मग मलमलीने पुसायचं. गाद्या आई शिवायची, त्यात काथ्या भरून, कारण मूळ गाद्यांत काथ्या होता. "माझ्या साडीला फॉल लावायला मला वेळ नाही, आणि हिचे लाड बघा," असं म्हणत म्हणत टाका मात्र असा घालायची की उसवायची बिशाद नव्हती. प्लग साफ करणं, पाणी बघणं, पट्टे तपासणं ही कामं माझी. चालवायला मात्र ती मला कधी मिळाली नाही. "तिची सवय लागते," बाबा म्हणायचे. "मग लागू द्या ना!" मी ओरडायचे. माझा आवाज चार बिऱ्हाडं ऐकायची आणि बाबा बॉनेटमध्ये डोकं घालून बसायचे.

बाबांची एक सवय इथेच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. जुन्या इंजिनात एका टोपणाखाली अंगठ्याएवढा काळा तुकडा फिरतो. त्याला रोटर म्हणतात. तो काढून घेतला की गाडी चोराच्या बापालाही सुरू होत नाही. बाबा गाडी उभी केली की रोटर काढून सदऱ्याच्या खिशात टाकत. देवळासमोर पाच मिनिटं थांबले तरी काढत. चप्पल काढावी तितक्या सहज.

मग वाडी पुनर्विकासात गेली. आम्हाला तात्पुरती जागा मिळाली ती सातव्या मजल्यावर, आणि खाली स्कूटर लावायचीही मारामार. थोरलीला कुठे ठेवायचं? परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात हॉटेल उघडत होतं. त्याचा मालक येऊन थोरलीभोवती तीन प्रदक्षिणा घालून गेला. त्याला ती हॉटेलच्या मधोमध हवी होती. इंजिन काढून टाकायचं, मागच्या सीटसमोर टेबल बसवायचं, दोन गिऱ्हाइकं आत बसून जेवतील. "निदान छपराखाली राहील," बाबा म्हणाले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. आईही जेवली नाही. मला इतका संताप आला की मी दोघांच्या वाटणीचं जेवले.

दुसऱ्या दिवशी मी माझगावला गेले. गोदीजवळ एक अर्धी शेड भाड्याने मिळत होती. तिथूनच बाबांना फोन लावला. "आपण थोरली लग्नांना द्यायची. तिचं भाडं तिने कमवायचं. परवान्यांचे हेलपाटे मी घालते."

बाबा म्हणाले, "एक लग्न. मध्येच बंद पडली तर मी हॉटेलवाल्याला फोन करणार. मग तू ओरडायचं नाहीस."

नायगावच्या बीडीडी चाळीतली एक मुलगी माझ्या ऑफिसात होती. तिचंच लग्न ठरलं होतं. कार्यालय दादरला, सासर लालबागला. थोरलीचा फोटो बघून ती म्हणाली, "हीच पाहिजे. नाहीतर मी चालत जाईन."

लग्नाच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. थोरलीला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. नायगावहून नवरीला घेऊन आम्ही दादरला पोचलो तेव्हा कार्यालयाच्या दारातली माणसं सनईवाल्याला सोडून गाडीकडे धावली. बाबांची छाती दोन इंच फुगली. त्यांनी गाडी सावलीत लावली, बॉनेट उघडलं, रोटर काढला, खिशात टाकला.

"ड्रायव्हर कसले, तुम्ही आमचे पाहुणे," म्हणत नवरीच्या वडिलांनी आम्हाला वर नेलं. दारात एका मुलीने ओंजळभर अक्षता दिल्या. बाबांच्या एका हातात सरबताचा पेला होता, म्हणून त्यांनी अक्षता खिशात ओतल्या. हे मी पाहिलं, आणि तरी माझ्या काही म्हणजे काही लक्षात आलं नाही.

मंगलाष्टकं संपत आली. सावधान! बाबांनी खिशात हात घातला, मूठ भरली आणि नवरीच्या दिशेने जोरात भिरकावली. टाळ्या, सनई, ताशा, आणि त्या गदारोळात नवरीच्या पाठीशी उभा असलेला तिचा मामा डोकं धरून ओरडला, "माका खडो कोणी मारल्यान रे?" लोक हसले. आम्हीही हसलो. बाबा जरा जास्तच हसले.

जेवणं झाली. चार वाजता नवरानवरी येऊन गाडीत बसली. नवरीच्या आईने ओवाळलं. बाबांनी बॉनेट उघडलं, खिशात हात घातला, आणि तो हात तिथेच राहिला. बाहेर आले ते तीन तांदूळ.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. दोघांनाही एकदमच मामाचं डोकं आठवलं.

"संपलं," बाबा पुटपुटले. "बंद पडली."

"ती बंद नाही पडली," मी दात आवळून म्हटलं, "तुम्ही तिला बंद केलीत. वर चला!"

स्टेजवर केर काढून झाला होता. केरात पाकळ्या होत्या, तांदूळ होते, कुणाची तरी केसांची पिन होती, रोटर नव्हता. मामा एका खुर्चीत कपाळाला बर्फ लावून बसला होता. तो पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, मिशी अजून नोकरीत असल्यासारखी. मी बाबांना पुढे ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हात जोडताना पाहिलं.

"मामासाहेब, तो खडा मी मारला. चुकून. अक्षतांबरोबर गेला."

मामाने बर्फ बाजूला ठेवला. मग खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली, आणि आत आमचा रोटर! "पुरावो म्हणान ठेवलंय," तो म्हणाला. "सकाळपासून चौकशी करतंय. चोर आपणच इलो."

"तो गाडीचा आहे. त्याच्याशिवाय तुमची भाची इथून हलत नाही."

मामाने रोटर उलटसुलट करून पाहिला. "देतंय. पण शिक्षा होतली. मी पुढे बसतलंय."

रोटर बसवताना तो बाबांच्या हातून दोनदा निसटला. शेवटी त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला. मी बसवला, टोपण लावलं, क्लिपा दाबल्या. बाबांनी किल्लीही पुढे केली. "तूच घे. मला आज जमणार नाही." मी चौतीस वर्षांची होते आणि मला रडू येत होतं, पण मागे नवरी बसली होती, म्हणून मी फक्त पदर खोचला.

पहिल्याच फटक्याला सुरू झाली! तो आवाज मी हजार रविवार ऐकला होता, पण पायाखाली पहिल्यांदा. स्टिअरिंगला असलेला गिअर माझ्या हाताला कसा माहीत होता ते देव जाणे. परळ मागे पडलं, लालबागच्या नाक्यावर बेंजोवाले वाट बघत होते, आणि तिथून चाळीपर्यंत वरात. मला भीती होती ती इथलीच. मिरवणुकीच्या चालीने जुनं इंजिन तापतं, त्याला वारा लागत नाही. पन्नास माणसं समोर नाचत होती आणि काटा वर वर चढत होता. मागे नवरानवरीशेजारी अंग चोरून बसलेले बाबा खांद्यावरून काट्याकडेच बघत होते.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ठाकूरद्वारच्या चार बिऱ्हाडांनी ऐकलेला माझा आवाज लालबागला ऐकवला. "पळत वाजवा! पळत नाचा! नाहीतर नवरीला खांद्यावरून न्यावं लागेल!"

मामाला तेवढंच हवं होतं. टेंगळासकट तो खाली उतरला, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी फुंकली आणि अख्खी वरात त्याने धावती केली. बेंजोवाल्यांतला एक जण कीबोर्ड कडेवर घेऊन पळाला. करवल्या शालू आवरत, खिदळत पळाल्या. गॅलऱ्यांमधून फुलं पडत होती, आणि काटा थांबला, मग हळूहळू उतरला. चाळीच्या दारात मी ब्रेक दाबला तेव्हा मागून बाबांचा हात माझ्या खांद्यावर पडला. "धाकटे," ते म्हणाले.

त्या धावत्या वरातीचा व्हिडिओ लालबागच्या सगळ्या मोबाइलवर फिरला. चाळीतूनच तीन लग्नं आली. "आम्हालाही पळवा," असं सांगून लोक गाडी ठरवायला लागले. वर्षभरात मी नोकरी सोडली. आज माझगावच्या शेडचा दुसरा अर्धा भागही आमचा आहे आणि तिथे थोरलीच्या चार बहिणी उभ्या आहेत, सगळ्या भंगारातून उचललेल्या, सगळ्यांच्या गाद्यांत आईचा काथ्या. खिशात रोटर ठेवायला सक्त मनाई आहे. पाचही रोटर डब्यात, आणि डबा माझ्याकडे.

हॉटेल उघडलं तेव्हा मालकाचा फोन आला. उद्घाटनाच्या पाहुण्यांना आणायला त्याला गाडी हवी होती, जुनी आणि काळी. मी नाहीच म्हणणार होते. बाबा म्हणाले, "घे. मी जातो."

मी शेजारी बसले होते. बाबांनी थोरली बरोबर हॉटेलच्या दारात नेली, पाहुणे उतरले. काचेतून आतली मधोमधची जागा दिसत होती. तिथे आता कसलीशी कुंडी होती. मालक फोटोग्राफरला घेऊन धावत आला. "काका, इंजिन बंद करा ना, जरा निवांत फोटो काढू."

बाबांनी अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबला. थोरली घुमली, हॉटेलच्या काचा थरथरल्या.

"चालू असतानाच काढा," बाबा म्हणाले.