हर्षालीचे सहा तक्ते

जुलैचा शेवटचा सोमवार, सकाळचे अकरा. हजर चौघे: नववीतली हर्षाली, तिचे आईवडील आणि मी. मागणी एकच, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आजच द्या. तिला शिरपूरकडे आत्याच्या गावी पाठवायचं ठरलं होतं.

मी सुरतेच्या उधना भागातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवतो. चार वर्षांपूर्वी ट्रेनिंग केलं, तेव्हापासून काउन्सेलरचं कामही माझ्याकडेच. हर्षाली खो-खोच्या टीममधली सगळ्यात चपळ मुलगी. जूनपासून ती मैदानावर येईनाशी झाली. मधे पंधरा दिवस आली, पुन्हा गायब. आम्ही तिला लहरी ठरवून मोकळे झालो. विचारलं तर म्हणायची, "सर, कशातच मजा नी आवे." सुरतेत वाढलेली आमची मुलं असंच बोलतात.

उदासी चार दिवसांची असेल तर वाट बघायची. दोन आठवडे हटली नाही आणि आवडीच्या गोष्टीही सुटल्या, तर डिप्रेशनची शंका घेऊन डॉक्टरकडे पाठवायचं, हा आमच्या कामातला साधा नियम. मी चिठ्ठी दिली होती. घरच्यांनी ती देवाच्या फोटोमागे जपून ठेवली होती.

वडील संजयभाऊ लूमवर कारागीर. रातपाळी करून तसेच आले होते, डोळे लाल. त्यांचं म्हणणं, पोरगी मोबाइलनं बिघडली. गावाला नेटवर्कच नाही, आपोआप सुधारेल.

माझंही मत फार वेगळं नव्हतं. नववीच्या मुलांकडून मी रोजचा तक्ता भरून घेतो: झोप किती तास, फोन किती तास, खेळ किती मिनिटं, आणि मन कसं होतं त्याला दहापैकी मार्क. हर्षालीचे सहा आठवड्यांचे सहा तक्ते होते. मी सरासरी काढली होती. झोप सहा तास, फोन साडेचार, मन चार.

ती मी वाचून दाखवली आणि चूक केली.

"बघा, तुमचा हिशोबच बोलतोय," संजयभाऊ म्हणाले. "द्या दाखला."

मला वेळ काढायचा होता, म्हणून सहाही तक्ते टेबलावर तारखेनं मांडले आणि ग्राफ काढत बसलो. मन दोन आठवडे दोन-तीन, पुढचे दोन सहा-सात, पुन्हा दोन-तीन. फोनची रेघ बरोबर उलटी. लूमवरच्या हजारो धाग्यांतून तुटलेला धागा शोधणारा माणूस समोर बसला होता. तो पुढे वाकला.

"सर, ही तर माझी पाळी आहे," संजयभाऊ म्हणाले. "पंधरा दिवस रात, पंधरा दिवस दिवस."

मग आई बोलली. नवागामला त्यांची एकच खोली. आठवीपर्यंत हर्षालीची शाळा सकाळची होती, नववीत दुपारची झाली. रातपाळीच्या दिवसांत सकाळी खोलीत अंधार, वडील झोपलेले.

"यांची झोप मोडली न् लूममध्ये हात गेला तर? म्हणून मीच तिला फोन देते. गप बसते ना."

मुलगी सकाळभर बसून, मधेच डुलक्या, मग रात्री झोप नाही, म्हणून पुन्हा फोन. यातलं कशामुळे काय झालं हे माझा ग्राफ सांगू शकत नाही. सुरुवात कुठून करायची ते मात्र दिसलं.

"बाहेर का नाही पडत?" मी हर्षालीला विचारलं.

"दार करकरतं, सर. पप्पा उठतात."

संजयभाऊ हसू लागले. "रात्रभर लूमला तेल देतो मी, न् घरचं दार कोरडं." दाखल्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

त्या संध्याकाळी बिजागऱ्यांना तेल पडलं. दहानंतर फोन आईकडे. चिठ्ठीही फोटोमागून निघाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, तूर्त गोळ्या नकोत म्हणाले, पण दर पंधरा दिवसांनी बोलावलं. पुढच्या रातपाळीत हर्षालीचं मन पाचाच्या खाली गेलं नाही. दहा झालं असं मी लिहिणार नाही. खो-खोत मात्र ती परतली, आणि आईची तक्रार आहे की आता पोरगी बोलायची थांबत नाही.

सरासरीवर दाखला द्यायचा नसतो, एवढं मी शिकलो. तक्त्यात एक रकाना वाढवला: घरात दिवसा कोण झोपतं? अर्ध्या वर्गानं तिथे "पप्पा" लिहिलं. मैदानाचं गेट आम्ही आता सकाळी आठपासूनच उघडं ठेवतो.