दीड वर्षाचं सोवळं

माझं धोतर मी स्वतः धुवायला लागलो तेव्हा आईला फार आनंद झाला. तिला वाटलं, मुलगा उशिरा का होईना, ताळ्यावर आला. विहिरीचं पाणी स्वतः शेंदायचं, धोतर स्वतः पिळायचं, काठीनं वलणीवर टाकायचं आणि कुणाला शिवू द्यायचं नाही. जेवायला वेगळा पाट, निजायला वेगळी चटई. "नेम घेतलाय," एवढंच मी सांगितलं. कसला नेम, किती दिवसांचा, कुणी विचारलं नाही. आमच्या घरात सोवळ्याला प्रश्न विचारायची रीत नव्हती. तंजावरहून पोटासाठी मद्रासला आलेलं मराठी ब्राह्मणाचं घर आमचं. जमीन मागं राहिली, भांडी मागं राहिली, सोवळं तेवढं बरोबर आलं.

खरी गोष्ट अशी की धोतराला डाग पडत होते.

मी तिसरीपर्यंत शिकलो, तेही तमिळमध्ये. मराठी घरात बोलली तेवढी आणि आईच्या पोथीवरून अक्षरं गिरवली तेवढी. मला आडपडद्यानं लिहिता येत नाही. मला लिंगाचा कॅन्सर झाला होता. चाळिशी नुकतीच ओलांडली होती तेव्हा. आज हे लिहितानाही हात थबकतो, पण लिहिणार. घरच्यांनी नको म्हटलं म्हणून तर नक्कीच लिहिणार.

मद्रासबाहेर अंबत्तूरला नवे कारखाने उभे राहत होते, त्या काळातली ही गोष्ट. तिथल्या एका लहानशा कारखान्यात मी फिटर होतो. विल्लिवाक्कमच्या घरून सायकलनं जायचो. सुरुवातीला कातडीखाली नुसता एक फोड होता. ती कातडी माझी लहानपणापासून मागं सरत नव्हती. मला वाटायचं, सगळ्यांचं तसंच असतं. विचारणार कुणाला? मी खोबरेल लावलं, हळद लावली. मग वास यायला लागला, तेव्हा चिंधीत कापूर बांधून घ्यायला लागलो. बायको एकदा लांबूनच म्हणाली, "अहो, हल्ली तुम्ही जवळून गेलात की देवळात गेल्यासारखं वाटतं."

मी त्यावर हसलो. कसा हसलो, देव जाणे.

आमच्या गल्लीत आमच्यातलेच एक म्हातारे काका राहायचे. निवृत्त कारकून. माझं सोवळं बघून त्यांनी मला आपल्या वडिलांच्या श्राद्धाला ब्राह्मण म्हणून बसवलं. तोवर मला, हातात पाना धरणाऱ्या माणसाला, कुणी असं बोलावलं नव्हतं. मी गेलो. धोतराच्या आत चिंधी, चिंधीला पू, आणि वर मी पानावर बसून पितरांच्या नावानं वडे खाल्ले. काकांनी माझ्या पायांवर पाणी घातलं. "राव, तुमच्यासारखं सोवळं आता राहिलं नाही," म्हणाले. पुढं महिन्याभरात तेही तसंच कडक सोवळं पाळायला लागले. माझं बघून एक म्हातारा सुधारला म्हणून मी छाती काढून चालायचो.

मग जांघेत गाठी आल्या. एका बाजूला सुपारीएवढी, दुसऱ्या बाजूला लिंबाएवढी. सायकलवर बसता येईना. मी सायकल हातात धरून चालत कामावर जायला लागलो. दारावरचा माणूस ओरडायचा, "काय हो, सायकल तुम्हाला नेते की तुम्ही सायकलला?" एके दिवशी कामाच्या टेबलापाशी डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्धीवर आलो तो उठून तसाच बसनं इस्पितळात गेलो. एकटाच.

डॉक्टर माझ्यापेक्षा धाकटा होता. त्यानं चिंधी सोडली, बघितलं आणि विचारलं,

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

"रोज आंघोळ करता?"

मला राग आला. "दोनदा करतो. थंड पाण्यानं. सोवळ्यात."

"आणि ही कातडी मागं करून आत कधी धुतलंत?"

ती मागं सरतच नाही, मी म्हणालो. तो म्हणाला, "लहानपणीच दाखवायला हवं होतं. चार टाक्यांचं काम होतं. आत मळ साचत राहतो, वर्षानुवर्षं. पुष्कळांना त्यातूनच हे होतं."

मळ. माझ्या साऱ्या आयुष्यात मला कुणी अडाणी म्हटलं, हट्टी म्हटलं, भांडखोर म्हटलं. मळका कुणी म्हटलं नव्हतं. ज्याचं धोतर बायकोनंही शिवायचं नाही, त्याला हा काल जन्मलेला पोरगा सांगत होता की तू मळानं मरायला आलास. मी टेबलावरून उतरायला गेलो. त्यानं खांदा धरून मला परत बसवलं.

त्यानं मग समजावून सांगितलं. गाठी फार वाढल्यात, आता सुरी लावता येत नाही. एक नवीन उपाय आहे. मांडीच्या मुळाशी रक्ताची मोठी नळी असते, तिच्यात बारीक नळी घालून औषध थेट त्याच भागात सोडायचं. मांड्यांना रबरी पट्टे आवळायचे, म्हणजे औषध खाली पायात पळणार नाही.

"म्हणजे मेन लाइनला टॅप मारायचा आणि पुढचे वॉल्व बंद करायचे," मी म्हणालो.

तो पहिल्यांदाच हसला. "अगदी तसंच."

"गॅरंटी?"

"नाही. गाठी लहान झाल्या तर कापून काढू, तुम्ही जगाल. नाही झाल्या तर काही करता येणार नाही. बायकोला घेऊन या. कागदावर तिची सही लागेल."

सही लागेल म्हटल्यावर मी आठ दिवस गेलोच नाही. मरण परवडलं, पण हे तिला सांगणं नको. नवव्या दिवशी सकाळी विहिरीवर धोतर पिळताना सगळं पाणी लाल झालं. हातातलं धोतर टाकून मी तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि चुलीपाशी बसलेल्या बायकोला सगळं सांगितलं. आई देवळात गेली होती.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती नाही रडली. हातातली पळी तिनं जमिनीवर आपटली.

"दीड वर्ष मला वाटत होतं की मीच ओवळी आहे," ती म्हणाली. "माझंच काही चुकलं, म्हणून हा माणूस मला शिवून घेत नाही. मी सोमवार केले, शनिवार केले. आणि तुम्ही कापूर बांधून हिंडत होता!"

दुपारी तिनं इस्पितळात येऊन सही केली, ठळक अक्षरात, माझ्यापेक्षा चांगली.

आईला सांगितलं, पोटाचं दुखणं आहे.

औषधाची बाटली त्यांनी खाटेपाशी एका उंच बांबूला, जवळजवळ छताला टांगली. का ते मला लगेच कळलं. मांडीतल्या त्या मोठ्या नळीतल्या रक्ताला जोर असतो. बाटली खाली आली तर औषध आत जायच्या ऐवजी रक्तच वर चढणार. सिस्टर मल्याळी होती, तिच्या अंगावर तीस खाटा. तिनं बायकोला स्टूल दिलं. "अम्मा, या नळीकडं बघत बसायचं. लाल वर चढलं की हाक मारायची. नवऱ्याकडं नाही बघितलं तरी चालेल." वॉर्डातले सगळे हसले. बायको हसली नाही, पण नळीवरून तिची नजर हलली नाही. ज्या बाईला दीड वर्ष मी चटईला शिवू दिलं नव्हतं, तिच्या नजरेवर माझं रक्त आत राहत होतं.

जांघेची कातडी काळी पडली, भाजल्यासारखी सोलली. तोंडात फोड आले. गाठी तशाच होत्या.

पाचव्या दुपारी आई आली. ओल्या वस्त्रानं, हातात सोवळ्यातल्या भाताचा पितळी डबा. ती वॉर्डाच्या दारातच उभी राहिली. "कुणी शिवू नका! माझ्या मुलाचा नेम आहे!" ती ओरडली, आणि त्याच क्षणी बांबूला बांधलेली दोरी सैल झाली. बाटली हातभर खाली घसरली. मी नळीत बघतो तर लाल, सरसर वर. सिस्टर पलीकडच्या खोलीत होती. बायकोनं हाक मारली आणि बाटली उचलायला स्टुलावर चढली, पण स्टूल डुगडुगत होतं, तिचा हात पोचत नव्हता.

"वर! अजून वर!" मी ओरडलो.

आईनं डबा जमिनीवर ठेवला. इस्पितळाच्या त्या जमिनीवर. धावत आली आणि दोन्ही हातांनी स्टूल धरलं. बायकोनं बाटली डोक्याच्या वर उचलून धरली. लाल थांबलं, मग हळूहळू खाली उतरलं. तोवर माझ्या अंगावरचं पांघरूण बाजूला झालं होतं, आणि आईनं सगळं पाहिलं होतं. पट्टे, काळी कातडी, आणि ते.

सिस्टर येऊन बाटली बांधून गेली तरी आई स्टूल सोडीना.

"तू त्या श्राद्धाला बसला होतास," ती म्हणाली.

दुसरं काही नाही. डबा तिथंच टाकून ती निघून गेली. बायकोनं तो उघडला आणि ताकभात कालवून आपल्या हातानं मला भरवला. तोंडातल्या फोडांना झोंबत होता. मी खाल्ला.

पुढच्या आठवड्यात गाठी मऊ पडल्या, मग आक्रसल्या. डॉक्टर मोजत होता आणि त्यालाही खरं वाटत नव्हतं. नंतर त्यांनी गाठी काढल्या आणि तेही कापलं. पुरतं नाही, पण अर्ध्याहून जास्त गेलं. तेव्हापासून मी लघवीला बसतो आणि माझा डावा पाय सुजलेला असतो. मी जगलो.

घरी आलो तेव्हा माझा वेगळा पाट आईनं माळ्यावर टाकलेला होता. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग एकच वाक्य बोलली, "काकांना जाऊन सांगून ये. त्यांच्या वडिलांचं श्राद्ध परत करावं लागेल."

मी नाही म्हणालो. दोन दिवस नाहीच म्हणालो. तिसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत गेलो. काका आणि काकू ओसरीवर बसले होते. काकूंसमोरच मी सुरुवात केली. पोटाचं दुखणं नव्हतं, म्हणालो, आणि काय होतं ते सांगितलं. चिंधीचं, कापराचं, पानावर बसलो त्याचं. काकूंनी कानांवर हात ठेवले आणि त्या आत गेल्या. मला वाटलं, आता काका मला पायरीवरून ढकलणार.

ते उठलेच नाहीत. दाराकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"राव, सुरुवात कशी होते हो त्याची?"

मी त्यांच्याकडं बघितलं. मग अंगणात बघितलं. वलणीवर उंच, सगळ्या कपड्यांपासून लांब, काठीनं टाकलेलं एकच धोतर वाळत होतं. ओसरीवर वारा आला आणि मला कापराचा वास आला.

"काका," मी विचारलं, "तुमचं धोतर हल्ली कोण धुतं?"

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मी त्यांच्याजवळ खाली बसलो, अगदी गुडघ्याला गुडघा लावून, आणि काकूंना हाक मारली.