सहा घरांना एक आवाज

तिथे मी पहिल्यांदा गेले ती माती तपासायला. न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनपासून अर्ध्या तासावर, नदीकाठी, सहा नवी घरं उभी राहणार होती आणि त्यांच्या सांडपाण्याचं डिझाइन आमच्या ऑफिसकडे होतं. गेट उघडंच होतं, तरी माझा सीनियर बाहेर थांबला. "अजून बोलावलं नाही," तो म्हणाला. चिखलात उभी राहून मी जॅकेटची चेन वर-खाली करत राहिले. मग एक गाडी आली. तिच्यातून एका म्हाताऱ्या बाईंना हाताला धरून उतरवलं. त्या आत जाऊन आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांनी माओरीत एक लांब, थरथरती हाक दिली. मगच आम्ही चालू लागलो.

तिथली रीतच तशी. पाहुणे आत घ्यायचे तर घरच्या बाईने हाक द्यायची. ती नसेल तर बाकीचं काही सुरूच होत नाही. त्या बाईंना सगळे नॅन, म्हणजे आजी, म्हणत. मीही तेच म्हणू लागले.

दीडशे वर्षांपूर्वीच्या युद्धात इंग्रज सैन्याने हे गाव ताब्यात घेतलं, घरं जाळली, पुढे जमीनही काढून घेतली. माणसं पांगली. आता त्या जमिनीचा एक तुकडा परत मिळाला होता आणि त्या माणसांच्या वंशातली तरुण मुलं, कोणी फ्लॅट बुश या उपनगरातलं भाड्याचं घर सोडून, कोणी ऑस्ट्रेलियातून, तिथे राहायला येत होती. एकत्र राहायची सवय मात्र कोणालाच नव्हती. कुत्र्यांवरून भांडणं झाली. पार्किंगवरून झाली. एक कुटुंब पहिल्याच हिवाळ्यात कोणाला न सांगता निघून गेलं आणि त्यांच्या घराचे पडदे महिनोन्‌महिने तसेच ओढलेले राहिले.

हाक देणाऱ्या नॅन एकट्याच उरल्या होत्या, आणि त्यांची फुफ्फुसं निकामी होत चालली होती. त्यांनी आपल्या नातीला तयार करायला घेतलं. ती माझ्याच वयाची, हॅमिल्टनच्या 'ते रापा' भागात एका गोदामात काम करणारी. भाषा ती युनिव्हर्सिटीत शिकली होती. मी पाइपच्या उतारासाठी लेव्हल मोजत असताना ती गेटपाशी सराव करायची आणि नॅन गाडीत बसून काच खाली करायच्या.

"काय गं, दूध काढायला गाईंना बोलावतेस?"

"नॅन, शब्द तरी बरोबर होते ना?"

"शब्द बरोबरच होते. वाचून दाखवलेस. आता हाक मार."

"मग दुसरी कोणीतरी बघ!"

"कोण, ती?" नॅननी माझ्याकडे बोट दाखवलं. "ती तर गुड मॉर्निंगसुद्धा कुजबुजते."

सगळे हसले. मीही हसले, पण ते मला लागलं. त्या मुलीचं मला कळत होतं. मी इंग्लिश मीडियमची. पुण्याला काकूशी मराठीत बोलायचं तरी मी वाक्य आधी मनात जुळवते.

एकदा मी तिला कामावर सोडत होते, तेव्हा ती म्हणाली, "मला नाही जमलं तर लोक येणारच नाहीत. मग ते गाव नाही. नदीकाठची सहा घरं, बस."

सहाव्या घराचं छप्पर चढायच्या आत नॅन हॉस्पिटलमध्ये वारल्या. त्यांना गावात आणायच्या आदल्या संध्याकाळी नातीचा फोन आला. शेजारच्या मराएची, म्हणजे तिथल्या लोकांच्या सभाघराची, एक अनुभवी आंटी हाक द्यायला तयार होती. नातीचे काका म्हणत होते, त्या आंटीलाच करू दे, घरची लाज जायला नको.

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, नॅनला तिच्याच घरात परक्या बाईने बोलवायचं?" मग म्हणाली, "तू ये. ऑफिसतर्फे नको."

मी गेटबाहेर पाहुण्यांत उभी राहिले. आमच्यापुढे शवपेटी होती. समोर नात, काळ्या कपड्यांत, डोक्यावर पानांचा वेढा. बारीक पाऊस लागला होता. तिने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. पेटी धरलेल्या पोरांनी हात बदलले. आंटी माझ्याशेजारीच उभी होती. ती जमिनीकडे बघत राहिली.

मग आवाज आला. वाकडा, फार वर चढलेला. मधेच तुटला. शब्द विसरली असावी, कारण तिने एकच हाक पुन्हा पुन्हा दिली, "हाएरे माइ", ये. एवढं मलाही समजत होतं. आंटीने आमच्या बाजूने उत्तर दिलं आणि पेटी हलली.

वाटलं, झालं. पण अंत्यविधी तिथे काही दिवस चालतो आणि माणसं गटागटाने येतात. प्रत्येक गटाला हाक लागते. आम्ही आत पोचून बसलो तोवर रस्त्यावर एक बस उभी राहिली होती. तिच्यामागे गाड्या. नात पुन्हा गेटकडे तोंड करून उभी राहिली. दुपारी मी स्वयंपाकघरातून तिला पाणी नेऊन दिलं. तिने दोन घोट घेतले. काहीतरी बोलली, पण ओठच हलले. पुढची बस वळत होती. मी ग्लास घेऊन बाजूला झाले, आणि तिने छाती भरून श्वास घेतला.